आधी ठिपके बघा, मग रेघ : वाचकांचे प्रश्न

या वेळी ग्राफ काढण्याबद्दलचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : गरम पाणी गार होतानाचं तापमान दर २ मिनिटांनी घेतलं, ४० मिनिटांपर्यंत. सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे) करून ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ काढला तर डावीकडे अक्षाला चिकटून शून्यापासून थेट वर जाणारी उभी रेघ येते, आणि १४ व्या मिनिटाला तापमान एकदम शून्यावर आपटून परत वर येतं. थर्मामीटर बिघडलाय का? रंग, जाडी सगळं बदलून बघितलं.

उत्तर : थर्मामीटर एकदम ठीक आहे, गडबड फाईल वाचताना झालीय. तुम्ही पाठवलेली फाईल उघडून बघितली, पहिल्या ओळीत 'वेळ, तापमान' असं लिहिलंय, आणि १४ पुढे स्वल्पविराम देऊन जागा रिकामी सोडलीय, म्हणजे ते रीडिंग घ्यायचं राहिलं असणार. आता सीएसव्हीरीड किंवा डीएलएमरीड ही फाईल वाचायची कमांड वापरली की रिकाम्या जागी ऑक्टेव्ह स्वतःहून शून्य भरतं, आणि अक्षरं दिसली तरी त्यांच्या जागी शून्यच भरतं. म्हणून तुमचं शीर्षक झालं शून्य-शून्य, तिथून रेघ निघाली ती थेट ८२ अंशांवर, आणि राहिलेलं रीडिंग झालं शून्य अंश. गंमत म्हणजे एररही येत नाही, त्यामुळे कळतच नाही. पण साईझ कमांड दिली असती तर २२ ओळी दिसल्या असत्या, आणि ० ते ४० मिनिटांच्या नोंदी तर राहिलेली धरूनही २१च आहेत ना, तिथेच चोर सापडला असता.

उपाय सोपा आहे. डीएलएमरीडला फाईलचं नाव, मग कोटात स्वल्पविराम, मग १ आणि ० असे दोन आकडे द्या. ओळी ० पासून मोजल्या जातात म्हणून १ म्हणजे दुसऱ्या ओळीपासून वाच. त्यापुढे कोटात 'एम्प्टीव्हॅल्यू' आणि मग नॅन. नॅन म्हणजे 'इथे आकडाच नाही', आणि प्लॉट कमांड अशा जागी रेघ तोडते, १४ व्या मिनिटाला मोकळी जागा दिसते. ती दिसलीच पाहिजे, कारण तिथे तुम्ही खरंच काही मोजलेलं नाहीये. फक्त नुसती रेघ काढू नका, ठिपकेही काढा, कारण दोन नॅनच्या मध्ये एकटं रीडिंग अडकलं तर नुसत्या रेघेत ते गायबच होतं.

मी तर नेहमी सांगते, पहिला ग्राफ नुसत्या ठिपक्यांचा काढा, प्लॉटमध्ये तिसरी गोष्ट म्हणून कोटात लहान 'ओ' दिला की झालं. सॉफ्टवेअरला तुमचा प्रयोग माहीत नसतो, त्याला ठिपके दिले की ते एकामागोमाग जोडत सुटतं, आणि रेघ इतकी ठाम दिसते की आपण तिच्यावर विश्वास ठेवून बसतो. रंग आणि जाडी फार नंतरच्या गोष्टी.

आता ग्राफ नीट आला की अजून एक करून बघाच. प्रत्येक रीडिंगमधून खोलीचं तापमान वजा करा आणि प्लॉटऐवजी सेमीलॉगवाय (उभा अक्ष लॉगच्या मापात घेणारी कमांड) वापरा. पाणी न्यूटनच्या नियमाप्रमाणे (खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकं झपाट्याने) गार होत असेल तर ती वाकडी रेघ जवळजवळ सरळ होते, आणि तिच्या उतारावरून गार होण्याचा वेग काढता येतो. वजाबाकी न करता लॉग घेतला तर सरळ येणार नाही, हे बरेच जण विसरतात. शेवटचे ठिपके थोडे विस्कटतील, घाबरू नका, पाणी खोलीच्या तापमानाजवळ आलं की फरकच एक-दोन अंशांचा उरतो आणि थर्मामीटर वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली तरी लॉगमध्ये ती मोठी दिसते. पॉलीफिटने रेघ बसवायची असेल तर नॅनची ओळ आधी काढून टाका, नाहीतर उत्तरही नॅनच येईल.

प्रश्न : टॅन एक्सचा ग्राफ −५ ते ५ मध्ये काढला तर उभ्या रेघा येतात. पुस्तकात त्या नसतात. आणि एक्सचा वर्ग लिहिला की एररच येतो.

उत्तर : पुन्हा तेच, ठिपके जोडण्याची सवय! १.५७ च्या अलीकडे टॅनची किंमत खूप मोठी धन आणि पलीकडे खूप मोठी ऋण, हे दोन शेजारचे ठिपके जोडले की उभी रेघ तयार. ती टॅनची नाहीच. ज्या किमती १० पेक्षा जास्त किंवा −१० पेक्षा कमी आहेत त्या नॅन करून टाका, तिथे रेघ तुटेल आणि वायचा अक्षही आवाक्यात येईल. सेजमॅथ या दुसऱ्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर प्लॉटला 'डिटेक्ट पोल्स' हा पर्याय देता येतो, तो हे स्वतः सांभाळतो. वर्गाचं म्हणाल तर घाताच्या टोपीआधी (^) एक टिंब द्या. टिंब नसलं की ऑक्टेव्ह अख्ख्या यादीला मॅट्रिक्स समजून घात करायला जातं, आणि मॅट्रिक्स चौरस नसल्याने अडतं. गुणाकार-भागाकारालाही तोच टिंबाचा नियम.

प्रश्न : अक्षांची नावं मराठीत हवीत. चौकोन येतात, फॉन्ट बदलला तर अक्षरं येतात पण 'मिनिटे' मधली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं तुटतात.

उत्तर : हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. इथे दोन वेगळ्या अडचणी आहेत. चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी नाही, ते तुम्ही सोडवलंत. वेलांटीचं दुखणं वेगळं, आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी टाईप होते अक्षरानंतर पण दिसते अक्षराआधी, आणि ही मांडणी करणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये लागतो. ग्राफ काढणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो नसतो, ते एकेक चिन्ह ओळीने ठेवत जातात. ग्नूप्लॉट वापरून बघा. १९८६ पासूनचा प्रोग्रॅम आहे, नावात ग्नू असलं तरी ग्नू या मोफत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचा नाही. त्यात टर्मिनल (ग्राफ कुठल्या प्रकारात बाहेर काढायचा ते) 'पीएनजीकैरो' किंवा 'पीडीएफकैरो' निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी द्या. ही टर्मिनल्स पँगो नावाची लायब्ररी वापरतात, ती जोडाक्षरं व्यवस्थित बसवते. मॅटप्लॉटलिब (पायथनमधली ग्राफ काढायची लायब्ररी) वापरत असाल आणि ते सोडायचं नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाईप'ला 'नन' ही किंमत कोटात द्या आणि एसव्हीजी फाईल सेव्ह करा. मग अक्षरं चित्र न होता अक्षरं म्हणूनच जातात आणि ब्राउझर किंवा इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर ती बरोबर मांडतं. ज्या कॉम्प्युटरवर फाईल उघडाल तिथे तो फॉन्ट मात्र हवा.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ग्राफ पुसट येतो, रेघा बारीक, आकडे वाचता येत नाहीत. प्रिंट काळी-पांढरी आहे.

उत्तर : स्क्रीनशॉट चिकटवताय बहुतेक, ते बंद करा. ऑक्टेव्हमध्ये प्रिंट कमांडनेच फाईल काढा, पीएनजी हवी तर ३०० डीपीआय, जमलं तर पीडीएफ, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. आकड्यांसाठी सेट कमांडला जीसीए (म्हणजे चालू ग्राफचे अक्ष) देऊन 'फॉन्टसाईझ' १४ करा, लाईनविड्थ २ पुरते. काळ्या-पांढऱ्यात लाल आणि निळी रेघ सारखीच करडी दिसते, म्हणून एक सलग ठेवा, एक तुटक, आणि ठिपकेही वेगळे घ्या, एकाला गोल आणि एकाला चौकोन. हे दर वेळी टाईप करायचा कंटाळा येत असेल तर डिफॉल्ट जाडी आणि फॉन्ट ठरवणाऱ्या दोन ओळी होम फोल्डरमधल्या '.ऑक्टेव्हआरसी' फाईलमध्ये टाकून ठेवा (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत, आधीच्या टिंबासकट), ऑक्टेव्ह सुरू होताना ती आपोआप वाचतं.