पोस्टकार्डावरचा डाव

प्रश्न : माझा शाळासोबती नागपूरला, मी मिरजेत. दोघंही सत्तरीचे. पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळावं म्हणतोय. खेळी लिहायची कशी? आणि त्याने कॉम्प्युटरला विचारून खेळी पाठवली तर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जरूर खेळा. मी रत्नागिरीत, माझा दादा बेळगावला. आम्ही अकरा वर्षं असे खेळतो आहोत.

खेळी आकड्यांत लिहा. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्यांना १ ते ८, त्याच्या बाजूने आडव्या ओळींना १ ते ८. आधी सोंगटी होती ते घर, मग गेली ते घर. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की ५२५४, काळ्याचं तसंच उत्तर ५७५५. कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलतात ती चाल) फक्त राजाची चाल लिहायची, म्हणजे ५१७१. पावसाळ्यात शाई फुटून १ चा ९ दिसतो, पण ९ या खेळात येतच नाही, म्हणून वाचता येतं.

लिहिताना मात्र फार जपा. मला स्कॉच नावाची सुरुवात खेळायची होती, ४२४४. (१८२४ ते १८२८ या काळात स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या क्लबने लंडनला पत्रांतून हरवलं, त्या सामन्यावरून या सुरुवातीला हे नाव पडलं.) मी लिहिलं ४२४३. तीही नियमात बसणारी खेळी, म्हणून दादाने ती तशीच धरली आणि योग्यच केलं. तेव्हापासून पटावर सोंगटी हलवून, कार्ड पुन्हा वाचल्याशिवाय मी पेटीत टाकत नाही. उत्तरात समोरच्याची खेळीही परत लिहा; कुठे चुकलं ते लगेच कळतं.

कार्ड पोचायला पाच दिवस धरले तर चाळीस खेळ्यांच्या डावाला चारशे दिवस लागतात. ऐंशी कार्डं, पन्नास पैशांनी चाळीस रुपये. उत्तर उघड असेल तिथे जर-तर लिहा : ‘तू ५७५५ खेळलास तर माझी ७१६३.’ एक फेरी वाचते.

कॉम्प्युटरचं पहिल्याच कार्डात स्पष्ट बोला. पत्रांतून खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत त्याची मदत चालते, आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. आम्ही मदत न घेण्याचं ठरवलं. एकच स्थिती पाच-सहा दिवस डोक्यात घोळते, भाजी निवडताना एकदम घोड्याची चाल सुचते, हे मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. दादा तपासायला येणार नसतो. तरी शब्द पाळला जातो.

पट कपाटावर मांडून ठेवा, वर परात झाका. खेळीखाली जागा उरतेच, तिथे दादा बेळगावच्या पावसाचं लिहितो. पांढऱ्या सोंगट्या कुणाच्या ते आज फोनवर ठरवा.