चुकीच्या ओळीखालची रेघ

"मॅडम, वाचताना सगळं पटतं हो, पण पुस्तक मिटलं की मी जशीच्या तशी." समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते सुरू होताच पुढचे शब्द मला ठाऊक असतात. अलीकडे ते विशेषतः चिनी ग्रंथांच्या वाचकांकडून ऐकू येते. लाओ त्झू, च्वांग त्झू, कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंतांची भाषांतरे आणि सुलेखनावरची किंवा ताइ-ची या संथ चिनी व्यायामप्रकारावरची पुस्तके मोठ्या आशेने घरात येतात, आणि काही महिन्यांनी जुन्या रागाच्या किंवा काळजीच्या जोडीला 'एवढे वाचूनही आपण सुधारत नाही' ही नवी खंत येऊन बसते. या खंतीचे मूळ मला ज्या प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसले, ते नाव आणि ओळखीचे तपशील बदलून येथे देते.

वृंदाताई मूळच्या पुण्याच्या. पतीची बदली शांघायजवळच्या सूचौ शहरात झाली, तेव्हा बँकेतली नोकरी सोडून त्या मुलासह तिकडे गेल्या. आमच्या भेटी व्हिडिओवर होत. आपल्याकडे साडेसात वाजत तेव्हा तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असत, त्यामुळे दिवसभराचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर लपत नसे. आठवीतल्या मुलाच्या, अद्वैतच्या, अभ्यासावरून रोज आरडाओरडा व्हायचा आणि त्यानंतर रात्रभर त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. उपाय म्हणून त्यांनी आधी पुस्तके आणली, मग सुलेखनाचा वर्ग लावला. "ज्या देशात हे सगळं घडलं तिथे मी राहते, आणि तरी मला जमत नाही," असे त्या म्हणत.

सुरुवातीच्या भेटींत त्या मला उतारेच्या उतारे वाचून दाखवत. एकदा मी म्हटले, "ज्या ओळींखाली तुम्ही रेघ ओढली आहे, तेवढ्याच वाचा."

त्यांनी वाचल्या. कन्फ्यूशियसचा शिष्य त्सेंग-त्झू म्हणतो की मी दररोज तीन बाबतींत स्वतःची तपासणी करतो. या ओळीखाली दोन रेघा होत्या. शिकणे कधीही थांबता कामा नये, हे कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या श्युन-त्झू या विचारवंताचे वाक्य होते. लाओ त्झूच्या ग्रंथातल्या 81 प्रकरणांतून मात्र त्यांनी एकच ओळ उचलली होती, हजार लीच्या (ली हे अंतराचे चिनी माप) प्रवासाची सुरुवात पायाखालून होते ही. ओढाताण सोडा, जे भरले आहे ते आणखी भरू नका, असे सांगणाऱ्या त्याच ग्रंथातल्या ओळी कोऱ्या राहिल्या होत्या.

"या सगळ्या ओळी तुम्हाला काय सांगतात?"

"अजून कर, म्हणतात."

"आणि तुम्ही कमी करता म्हणून ही वेळ आली आहे का?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "मी रोज रात्री एक वही लिहिते. आज कुठे कुठे चुकले, त्याची."

मी त्यांना कन्फ्यूशियसच्या संवादांतला एक प्रसंग सांगितला, जो समुपदेशकाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असे मला वाटते. त्झू-लू हा शिष्य विचारतो, "ऐकलेली गोष्ट लगेच आचरणात आणावी का?" गुरू म्हणतात की तुझे वडील आणि थोरले भाऊ आहेत, लगेच कसे करशील? मग रान छ्यू हा दुसरा शिष्य तोच प्रश्न विचारतो आणि गुरू त्याला सांगतात की लगेच कर. दोन्ही उत्तरे ऐकणारा तिसरा शिष्य गोंधळतो, तेव्हा खुलासा मिळतो: रान छ्यू मागे मागे राहतो म्हणून त्याला पुढे ढकलले, त्झू-लूच्या अंगात दोघांचा जोर आहे म्हणून त्याला आवरले. म्हणजे या ग्रंथातली कित्येक वाक्ये कोणाला तरी, त्याचा स्वभाव पाहून दिलेली उत्तरे आहेत. आपण ती सर्वांसाठी काढलेला हुकूम समजून वाचतो, आणि गंमत अशी की बहुतेक जण दुसऱ्याला दिलेल्या उत्तराखालीच रेघ ओढतात, कारण आपल्या स्वभावाला तेच सवयीचे वाटते. वृंदाताई त्झू-लूच्या जातीच्या होत्या आणि रान छ्यूचे औषध घेत होत्या.

त्सेंग-त्झूचे ते तीन प्रश्नही मी त्यांना पूर्ण वाचायला लावले. दुसऱ्याचे काम करताना मी मनापासून केले का? मित्रांशी वागताना माझा शब्द खरा होता का? जे शिकवले गेले, त्याचा सराव केला का? यांतला एकही प्रश्न 'मी शांत झालो का' असा नाही. वृंदाताईंच्या वहीत मात्र तेवढा एकच प्रश्न रोज नव्या शब्दांत लिहिलेला होता.

इथवर त्यांना पटले होते. पण पटण्याची त्यांना मुळात अडचण नव्हतीच. खरे वळण सुलेखनातून आले. वर्गात सरांना कोणता कागद दाखवता, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगला आलेला. बाकीचे फाडून टाकते. सर बिघडलेले कागद मागतात, पण ते काय दाखवायचे?" मी त्यांना एक काम दिले: चिनी सुलेखनात सर्वांत वंदनीय मानलेला लेख नीट पाहायचा आणि लिहिणाऱ्याचा हात कुठे चुकला, ते मला सांगायचे.

हा लेख म्हणजे वांग शी-च या सुलेखनकाराने इ.स. 353 मध्ये शाओशिंगजवळच्या लानथिंग येथे लिहिलेली प्रस्तावना. ओढ्याकाठी मित्र जमले होते, पाण्यावरून मद्याचे पेले वाहत येत होते आणि कविता रचल्या जात होत्या. त्या कवितांसाठी त्याने 28 ओळींत 324 अक्षरे लिहिली. मूळ कागद थांग सम्राट थायचुंगच्या थडग्यात गेला असे परंपरा सांगते. आज उरल्या आहेत त्या नकला, आणि त्यांतली फंग चंगसूच्या नावाने ओळखली जाणारी नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

पुढच्या भेटीत नमस्कार होण्याआधीच वृंदाताई बोलू लागल्या. "मॅडम, त्यात खाडाखोड आहे हो! दोन अक्षरं राहून गेली, ती ओळीच्या कडेला बारीक करून घातली आहेत. काही ठिकाणी आधीच्या अक्षरावरच दुसरं गिरवलं आहे. आणि नक्कल करणाऱ्यानं ती खाडाखोडसुद्धा तशीच्या तशी उतरवली आहे." मग एकदम आवाज उतरला. "मी अद्वैतच्या वहीतली पानं फाडते. खाडाखोड असली की पुन्हा लिहायला लावते. आमचं भांडण तिथूनच सुरू होतं."

हे मी त्यांना सांगितले असते तर ते आणखी एका उपदेशासारखे वहीत गेले असते. ते त्यांचे त्यांना दिसावे यासाठी मी थांबले होते, आणि अशा थांबण्यालाच मी या कामातले कौशल्य मानते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. 'मी शांत असावे' ही इच्छा 'मी शांत असलेच पाहिजे' अशी सक्ती झाली की तिचा चटका आधी आपल्याला आणि मग घरातल्या सर्वांत लहान माणसाला बसतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

त्यानंतर आम्ही मोजकेच बदल केले. रात्रीची वही बंद झाली. बिघडलेले कागद तारीख घालून ठेवायचे आणि सरांना सगळेच दाखवायचे, असे ठरले. मुलाच्या खाडाखोडीवर एक रेघ मारून पुढे लिहायची मुभा त्याला मिळाली. आरडाओरडा बंद झाला असे मी म्हणणार नाही, पण रोजचा राहिला नाही, आणि झाला तरी रात्र जागून काढण्याइतका त्याचा धसका त्यांना उरला नाही.

ही पुस्तके वाचणाऱ्यांना मी आता आधी आपल्या रेघा तपासायला सांगते. ज्या ओळीवरून आपण घाईने किंवा किंचित चिडून पुढे गेलो, तिथे परत जावे. आपली ओळ बहुधा तिथे असते. शक्यतो टीपा असलेले भाषांतर घ्यावे, म्हणजे कोण कोणाला आणि कशामुळे बोलले ते कळते. पुस्तकाबरोबर हाताचे किंवा शरीराचे एक काम धरावे, मग ते सुलेखन असो, ताइ-ची असो किंवा समर्थांनी दासबोधात ज्यासाठी एक स्वतंत्र समास खर्च केला ते आपले बाळबोध अक्षर असो, कारण हाताची चूक डोळ्यांना दिसते आणि तिच्यासह पुढे जाण्याचा सराव होतो. आपल्यात किती फरक पडला याची रोज मोजदाद मात्र करू नये. मेन्शियस या कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विचारवंताने सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे: रोपे लवकर वाढावीत म्हणून त्याने ती एकेक वर ओढली, 'आज रोपांना वाढायला मदत केली' असे दमून घरी येऊन सांगितले, आणि मुलगा धावत शेतावर गेला तेव्हा सगळी सुकलेली होती.

याच्या उलट माणसेही भेटतात. एका तरुणाने लाओ त्झूच्या 'काही न करण्या'खाली इतक्या रेघा ओढल्या होत्या की नोकरीचे अर्ज भरणेही त्याने निसर्गक्रमावर सोडले होते. त्याला मी श्युन-त्झू वाचायला दिला, ज्याच्या मते हलक्या माणसाचे शिकणे कानातून शिरून तोंडातून बाहेर पडते, आणि त्या दोहोंत अंतर असते अवघे चार बोटांचे. तो हसला, आणि पुढच्या भेटीला भरलेला अर्ज घेऊन आला.

मात्र झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. वाचन त्यानंतरही सुरू करता येते.