युनियनमुळे नोकरी खरंच वाचते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामाच्या ठिकाणी युनियन बांधायची चालली आहे, सहकारी सही मागतायत आणि साहेब म्हणतायत की युनियन आली की कंपनीला टाळं लागतं. तर सही करावी का, आणि केली तर नोकरीला खरंच संरक्षण मिळतं का?

मी बरीच वर्षं एका कारखान्यात युनियनच्या कमिटीत होतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. सही करा. मात्र ‘आता मला कुणी हलवू शकत नाही’ अशा समजुतीत करू नका.

नोकरी दोन तऱ्हांनी जाते. एकतर माणसाला काढतात, नाहीतर कामच संपतं. लोक या दोन्हींची गल्लत करतात. मग युनियनकडून भलत्या अपेक्षा ठेवतात, किंवा तिला फुकाच्या शिव्या घालतात.

आधी माणसाला काढण्याबद्दल. इथे युनियन जे करते त्याची बाहेरच्यांना कल्पना नसते, कारण ते काम मोर्चात दिसत नाही, चौकशीच्या खोलीत होतं. सुपरवायझरची खुन्नस असते, कुणीतरी चुगली केलेली असते, किंवा खरोखरच काहीतरी चुकलेलं असतं. कामगाराला केबिनमध्ये बोलावतात, दार लावतात आणि आवाज गोड करून म्हणतात, “दोन ओळी लिहून दे, मी मिटवून टाकतो.” घाबरलेला माणूस लिहून देतो. महिन्याभराने तोच कागद कबुलीजबाब म्हणून फाइलीत निघतो. कमिटीतल्या माणसाचं निम्मं काम एवढंच असतं, की त्या वेळी शेजारी बसायचं आणि सांगायचं, “काही लिहू नकोस. आधी आरोपपत्राची प्रत माग.”

हे मी फुगवून सांगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली नेमका हाच हक्क मान्य केला. एका स्टोअरमधल्या कामगार बाईवर संशय होता, की तिने चिकनच्या लहान डब्याचे पैसे भरून मोठा डबा नेला. चौकशीत तिने युनियनचा प्रतिनिधी मागितला, तो दिला नाही. पुढे कळलं ते एवढंच, की लहान डबे संपले होते म्हणून तिने तेवढाच माल मोठ्या डब्यात भरला होता. शिक्षा होऊ शकेल अशा चौकशीत प्रतिनिधी मागायचा हक्क तिथल्या युनियनमधल्या कामगारांना त्या खटल्याने मिळाला. जर्मनीत तर जिथे कामगारांनी निवडलेली समिती आहे, तिथे कुणालाही काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. न ऐकता दिलेली बडतर्फी कायद्याने रद्दच ठरते. समितीला ती अडवता येत नाही, पण मालकाला कारण सांगावं लागतं. आणि कारण सांगावं लागलं, की निम्म्या बडतर्फ्या टेबलावर येण्याआधीच विरतात. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या डोळ्यांचा अंदाज आहे.

आता दुसरी तऱ्हा. बाजार पडतो, नवं यंत्र येतं, मालक दुसरीकडे जातो. इथे युनियन काम परत आणू शकत नाही. कामाची किंमत कुणी मोजायची, एवढ्यावर मात्र ती भांडू शकते, आणि ते भांडण वेळेवर केलं तर बरंच पदरात पडतं.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचं आहे. पोती पाठीवर वाहणाऱ्या माणसांचं काम कंटेनर खाणार, हे १९५० च्या दशकातच दिसू लागलं होतं. त्यांचा पुढारी हॅरी ब्रिजेस चांगलाच लढाऊ, कंपन्यांच्या डोळ्यांत खुपणारा. त्याने १९६० साली करार केला, की यंत्रं आणा, आम्ही अडवत नाही. बदल्यात नोंदणीकृत कामगारांपैकी कुणाला कमी करायचं नाही, ठरलेल्या कामाच्या पगाराची हमी द्यायची, आणि लवकर निवृत्ती घेणाऱ्यांसाठी वेगळा निधी ठेवायचा. हा निधी साडेपाच वर्षांत मिळून सुमारे २.९ कोटी डॉलर होता. पुढच्या पिढीला तेवढी कामं उरली नाहीत हे खरं, पण होते ते रस्त्यावर आले नाहीत.

याच्या उलट लंडनच्या वर्तमानपत्रांचे छापखाने. तिथल्या युनियनांची पकड इतकी घट्ट, की संगणकावरची अक्षरजुळणी वर्षानुवर्षं अडवून धरली. १९८६ साली वर्तमानपत्रांचा बडा मालक रूपर्ट मर्डॉक याने लंडनच्याच वॅपिंग भागात नवा छापखाना गुपचूप तयार ठेवला, आणि संप होताच साडेपाच हजारांच्या आसपास माणसं एका फटक्यात काढली. वर्षभर दारात निदर्शनं झाली, पेपर मात्र निघत राहिला. यंत्र दारात येण्याआधी बोलणं आणि आल्यावर बोलणं यात एवढा फरक पडतो.

मराठी माणसाशी हा विषय निघाला की १९८२ चा गिरणी संप आलाच. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ‘युनियनने गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य मला पटत नाही. यंत्रं जुनाट झाली होती, माग भिवंडी-मालेगावकडे निघाले होते, आणि जमिनीचा भाव कापडापेक्षा चढा होऊ लागला होता. शिवाय १९४६ च्या कायद्याने वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि संपावरचे कामगार तिच्या मागे नव्हते. म्हणजे ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी कायद्याने बोलता येत नव्हतं. तरीही एक गोष्ट संपाच्या पुढाऱ्यांच्या खात्यात जातेच: परतायची वाट न ठेवता संपात उतरलं, की त्याचं ओझं सर्वांत हलक्या खिशाच्या माणसावर पडतं.

मंदीत काम वाटून घेणं हाही एक मार्ग असतो. १९९३ च्या अखेरीस फोक्सवॅगनकडे तीसेक हजार माणसं जास्त होती. तिथल्या युनियनने कपात मानली नाही, पण पगार जसाच्या तसा हवा असा हट्टही धरला नाही. आठवडा ३६ वरून २८.८ तासांवर आणला, वर्षाची मिळकत सगळ्यांची कमी झाली, आणि नोकऱ्या टिकल्या. असा करार गेट मीटिंगमध्ये समजावून सांगणं किती अवघड असतं, ते केलेल्यालाच ठाऊक. टाळ्या मिळत नाहीत.

नोकरी वाचवण्याइतकीच मोठी दुसरी गोष्ट म्हणजे ‘नाही’ म्हणता येणं. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी भेगा पडल्या. खालच्या बँकेने आपली माणसं बाहेर काढली, दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी आत जायला लावलं, काहींना पगार कापण्याची धमकी देऊन. इमारत कोसळली, ११३४ माणसं मेली. त्यातल्या एकाही कारखान्यात युनियन नव्हती. भेगा सगळ्यांना दिसल्या होत्या, पण सगळ्यांच्या वतीने थांबायचं ठरवणारं कुणी नव्हतं. एकटा माणूस अशा वेळी आत जातो, कारण तो एकटाच बाहेर राहिला तर उद्या त्याचीच जागा भरली जाते.

आता युनियनची काळी बाजू, कारण ती तुम्हाला तुमचे साहेब सांगणारच आहेत आणि त्यांची आवृत्ती सोयीची असेल. युनियन आधी सभासदाची असते. दाराबाहेर उभ्या असलेल्यांची क्वचितच. अमेरिकेत रेल्वे इंजिनावरच्या फायरमनच्या, म्हणजे भट्टी पेटती ठेवणाऱ्यांच्या, युनियनने तर आपल्या कराराचा वापर करून कृष्णवर्णीय फायरमनना त्या कामातून हटवायला घेतलं होतं. ज्यांना सभासद करून घ्यायलाच नकार, त्यांच्याच वतीने ही वाटाघाट! शेवटी १९४४ साली न्यायालयाला सांगावं लागलं, की सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार घेतलात तर सगळ्यांशी न्यायाने वागा. आजची सौम्य आवृत्ती म्हणजे दोन पगारांचा करार: जुन्यांचं सगळं शाबूत, नव्यांना कमी. डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांत २००७ च्या कराराने ठरावीक कामांवर नव्या भरतीला जुन्यांच्या निम्म्याच्या आसपास पगार दिला, आणि २०२३ च्या संपापर्यंत ती ठसठस चालूच होती. कंत्राटी कामगारांचं तेच. कायम कामगारांच्या करारावर सह्या होताना शेजारच्याच मशीनवरच्या कंत्राटी पोराचा विषय कुणी काढत नाही. मला हे आंधळेपणाचंही वाटतं, कारण पुढच्या करारात मालक त्याच्याच पगाराकडे बोट दाखवतो.

म्हणून सहीआधी तीन-चार गोष्टी विचारा. कंत्राटी माणसाला सभासद होता येतं का? पदाधिकाऱ्यांची शेवटची निवडणूक कधी झाली? हिशेब कुणाला बघता येतो? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न, कंपनीचा ताळेबंद वाचता येणारं कमिटीत कुणी आहे का? ज्याला कंपनीचे आकडे कळत नाहीत तो एकतर फार मागतो, नाहीतर फार थोडक्यात मानतो.

राहिली युनियन बांधतानाच काढून टाकण्याची भीती. ती खोटी नाही. संघटनेच्या स्वातंत्र्याचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक सौद्याचा १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केला. युनियनमध्ये आहे म्हणून कुणाला काढू नये, असं त्यातला दुसरा स्पष्ट म्हणतो. पण जगातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या तीन देशांनी, म्हणजे भारत, चीन आणि अमेरिकेने, हे दोन्ही मंजूर केलेले नाहीत. देशातले कायदे थोडंबहुत संरक्षण देतात, पण ते हातात पडेपर्यंत वर्षं जातात. त्यामुळे पुरेशी माणसं जमेपर्यंत बभ्रा करू नका. कंपनीच्या मेलवर किंवा कंपनीने दिलेल्या फोनवर यातलं काही लिहू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर सभासदांची यादी टाकू नका. हजेरी आणि कामाची नोंद या काळात चोख ठेवा, कारण काढायचंच झालं तर कारण तिथून शोधलं जाईल. आणि वर्गणी दिलीत तर पावती घ्या. उद्या ‘हा सभासदच नव्हता’ असं कुणी म्हटलं, तर तुमच्या बाजूने तोच पुरावा असेल.