एक लाख चव्वेचाळीस हजार नेमके कशाचे?

प्रश्न: वय २९. हिंजवडीतल्या एका कंपनीत चार वर्षं लिनक्स सपोर्टला आहे, हातात ५४ हजार येतात. क्लाउडकडे वळण्यासाठी एडब्ल्यूएस (इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारी अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) सर्टिफिकेशन करायचं आहे. एका क्लासने १ लाख ४४ हजार फी सांगितली. 'नो कॉस्ट ईएमआय' घेतला तर वर्षभर महिना १२ हजार. की दोन लाखांची एफडी मोडून एकरकमी भरू?

उत्तर: एफडी मोडू नका. ईएमआयच्या फॉर्मवरही इतक्यात सही नको.

तुम्ही क्लासची फी आणि परीक्षेची फी एकच धरून चालला आहात. एडब्ल्यूएसच्या 'सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट' या सर्टिफिकेटची परीक्षा १५० डॉलरची. वर १८ टक्के जीएसटी धरला की १७७ डॉलर, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये. पीएमपीला (प्रकल्प व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट) ३५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असतं, तिथे क्लास लावणं समजू शकतं. इथे तशी कुठलीच अट नाही. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, हजारात ७२० मिळाले की पास. बाकीचे सव्वा लाख शिकवणीचे आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' या दोन शब्दांचे. त्या दोन शब्दांचा अर्थ कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा बायोडेटा पुढे ढकलण्यापलीकडे त्यात काही निघत नाही.

तो ईएमआय म्हणजे क्लासने दिलेली सवलत नाही, फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज आहे. क्लास आवडला नाही, बॅच रखडली, तरी हप्ता कापला जाणारच. चुकला तर डाग तुमच्या सिबिलवर. रोख भरले तर किती कमी होतील, एवढं विचारून बघा. व्याज कुठे दडवलंय ते कळेल.

आता वसुली. समजा नोकरी बदलून हातात महिना आठ हजार जास्त आले. क्लासचे पैसे फिटायला दीड वर्ष, नुसत्या परीक्षेचे दोन महिन्यांत. सर्टिफिकेटची मुदत तीनच वर्षं, हेही धरा. (मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडची बरीच सर्टिफिकेट्स वर्षालाच संपतात, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट.) पगार वाढलाच नाही तर? तर सोळा हजार गेले म्हणून हळहळाल. दीड लाख गेले तर घरी सांगायचीही चोरी.

सर्टिफिकेट कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. माझ्या नावापुढेही अशी तीन अक्षरं आहेत. पण त्यांनी दार उघडतं, आत गेल्यावर 'काय केलंय' हेच विचारतात. चार वर्षांचं लिनक्स तुमच्या गाठीशी आहे, ते नवख्याकडे नसतं. तीन महिने रोज तासभर घरी अभ्यास करा, स्वतःच्या एडब्ल्यूएस खात्यावर एखादी छोटी यंत्रणा उभी करा. खर्च ठरल्यापेक्षा वाढला की कळवणारा बजेट अलर्ट मात्र पहिल्याच दिवशी लावा. माझ्या एका क्लायंटने नॅट गेटवे (वापरा-न वापरा, तासागणिक पैसे लावणारी नेटवर्क सेवा) चालू ठेवला आणि सरावाचं बिल परीक्षेच्या फीपर्यंत जाऊन भिडलं.

आधी मॅनेजरला विचारा, बऱ्याच कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात. त्या बदल्यात वर्षभर नोकरी न सोडण्याची अट आहे का, तेवढं वाचून घ्या.

आणि एफडी. नव्या कंपनीला तुम्ही ३० दिवसांत हवे असाल आणि इथे नोटीस ९० दिवसांची असेल, तर उरलेले दिवस त्यांचा पगार भरून विकत घ्यायला हीच एफडी लागेल.