पहिलं प्रथमोपचार शिबिर घेताय? आधी एवढं सांभाळा

नागपूरकडच्या गोरेवाड्याच्या किंवा पेंचच्या जंगलाकडे पहिलं शिबिर घेताय, फार छान. सगळं एकदम जमवायला जाऊ नका.

सगळ्यात आधी, हात लावण्यापूर्वी विचारायची सवय. पट्टी बांधायचा सराव जोडीने होतो आणि नवखे प्रशिक्षक तिथेच चुकतात: जोड्या स्वतः लावून मोकळे होतात. जोडी ज्याची त्याला निवडू द्या. "मी मदत करू का? खांद्याला हात लावू का?" हे दर वेळी मोठ्याने म्हणायला लावा. शुद्धीवरच्या जखमी माणसालाही हेच विचारायचं असतं.

"शॉकमध्ये (विजेचा नव्हे, शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो तो) चेहरा पांढरा पडतो" एवढ्यावर थांबू नका. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाही. खालची पापणी हलकेच ओढून आत फिकटपणा आहे का बघा, ओठांची आतली बाजू बघा. नख 5 सेकंद दाबून सोडलं की रंग साधारण 2 सेकंदांत परतायला हवा. थंडीत ही खूण फसते, नखांवर मेंदी असेल तर दिसतही नाही.

गुडघे दुखणाऱ्याला बाजूला बसवून ठेवणं ही दुसरी मोठी चूक. सीपीआरची (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या सरावाची) बाहुली भक्कम टेबलावर ठेवा, तो उभ्याने तिची छाती दाबेल: मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटीमीटर खोल. तेही जमत नसेल तर त्याने मोजावं आणि 108 ला फोन करायचा सराव करावा. ही कामंही खरीच आहेत.

बाकी थोडक्यात:
- ऐकू कमी येणाऱ्यांकडे तोंड करून बोला, फळ्याकडे नाही.
- मे महिन्यात सत्र सकाळी 10 च्या आत संपवा.
- मराठी, हिंदी, गोंडी, ज्याला जी सोपी त्या भाषेत उत्तर देऊ द्या.

फ्रॅक्चर, उचलून नेणं वगैरे दुसऱ्या शिबिरात घ्या.