खेळ-संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गाव वाढवून लढायच्या संगणक-खेळाची डेफिनिटिव्ह एडिशन (नवी आवृत्ती) घेतली आहे. संगणकाच्या मॉडरेट पातळीला हरवतो, पण ऑनलाइन गेलो की दहाव्या-बाराव्या मिनिटाला समोरच्याचे घोडे येतात आणि माझ्याकडे काहीच तयार नसतं. लढाईत नेमकं कुठे चुकतंय?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चूक लढाईच्या आधीच झालेली असते. घोडे येतात तेव्हा तुमचे व्हिलेजर (अन्न-लाकूड गोळा करणारे, इमारती बांधणारे गावकरी) किती होते, ते सामन्याची रेकॉर्डिंग लावून बघा.

एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागतं. टाउन सेंटर (व्हिलेजर तयार होतात ती मुख्य इमारत) अखंड चालवलं तर लूम (व्हिलेजरला थोडं बळकट करणारी सुधारणा) धरूनही २१ व्हिलेजर खेळाच्या घड्याळात ८ मिनिटांच्या आतबाहेर होतात. मधे दोन मिनिटं ते रिकामं राहिलं की जवळजवळ पाच व्हिलेजर कमी पडले. नवशिक्यांची दोन मिनिटं सहज जातात, कधी घर बांधायचं राहिलं म्हणून, कधी अन्न संपलं म्हणून.

घराचं आधी. सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक स्काउट (टेहळ्या), म्हणजे चार जण, आणि टाउन सेंटरमध्ये जागा पाचांची. म्हणून पहिल्याच सेकंदाला टाउन सेंटरला व्हिलेजर लावा, दोघांना एक घर बांधायला घाला आणि तिसऱ्याला दुसरं. पुढे दर पाच माणसांमागे एक घर (२५ लाकूड), आणि तेही जागा संपायच्या आधी.

आता अन्न. पहिले सहा जण मेंढ्यांवरच ठेवा. मेंढीवरचा एक माणूस सेकंदाला साधारण एक तृतीयांश अन्न आणतो, सहा जणांचं झालं दोन. व्हिलेजरला २५ सेकंदांत ५० लागतात, म्हणजे तेवढंच. आकडा सहाच का, ते यावरून कळेल. मेंढ्या टाउन सेंटरला चिकटून आणि एका वेळी एकच कापा. कापून ठेवलेलं मांस सडतं. रांगेत दहा-दहा व्हिलेजर लावू नका, त्यांचं अन्न आगाऊ कापलं जातं. दोन पुरेत.

पुढचे चौघे लाकडाला. त्यानंतरचा एक जण रानडुकराला : एक-दोन बाण मारायचे आणि लगेच टाउन सेंटरकडे पळायचं. तिसरा बाण मारायचा मोह टाळा, व्हिलेजरचे प्राण जेमतेम २५. डुक्कर जवळ आलं की पळणाऱ्याला टाउन सेंटरच्या आत घाला आणि मेंढ्यांवरच्या सगळ्यांना एकदम डुकरावर सोडा. डुकराचं मांस ३४०, मेंढीचं १००. भीतीपोटी डुक्कर सोडून लवकर शेती करणारा ६० लाकडाला एक शेत विकत घेत बसतो. नंतर चौघे बोरांना, तिथेच मिल (अन्न जमा करायची इमारत). उरलेले अर्धे अन्नाला, अर्धे लाकडाला.

लूम, मग फ्युडल (खेळातलं दुसरं युग) : त्यासाठी ५०० अन्न आणि पहिल्या, डार्क युगातल्या दोन इमारती. मिल आणि लंबर कॅम्प (लाकूड जमा करायची इमारत) चालतात, घर मोजलं जात नाही. फ्युडलला जाताजाता बॅरॅक्स (पायदळाची इमारत) बांधून घ्या. घोड्यांसमोर भालेवाले (३५ अन्न, २५ लाकूड), धनुर्धाऱ्यांसमोर स्कर्मिशर (भाला फेकणारे). दोघांनाही सोनं लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला सोन्यावर माणसं अडकवायची घाई नको.

सराव लढाईशिवाय करा. संगणकासमोर फक्त फ्युडलपर्यंत जा, वेळ बघा, सामना सोडा, परत सुरू. पूर्णविरामाचं बटण दाबलं की बसून राहिलेला व्हिलेजर सापडतो. हे बोटात बसलंच पाहिजे.

प्रश्न : रँक्ड (रेटिंग ठरवणारे ऑनलाइन सामने) खेळावं की आधी शिकून घ्यावं? सलग हरतोय.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : खेळा. रेटिंग १००० पासून सुरू होतं आणि त्या पातळीचे खेळाडू नवशिके नसतात. हरत हरत ते खाली उतरलं की तुमच्या जोडीचे भेटायला लागतात. संस्कृती (खेळायला निवडायचा लोकसमूह) मात्र एकच धरा. दर सामन्याला बदलत राहिलात तर काय चुकलं ते समजणार नाही.

प्रश्न : चौघे मित्र एकत्र खेळतो तेव्हा सगळ्यांचाच खेळ अडखळतो. इंटरनेट चांगलं आहे.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : या खेळात सगळे संगणक एकाच चालीने पुढे सरकतात, एक मागे पडला की बाकीचे थांबतात. चौघांत सर्वांत जुना लॅपटॉप कुणाचा ते शोधा. त्याने ग्राफिक्स खाली आणावेत, एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक (जास्त बारीक चित्रांची जोड) टाकला असेल तर काढावा. तरीही अडखळलं तर वायफाय सोडून राउटरला केबल लावून बघा. आणि वीज जाते त्या भागात राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, नुसता लॅपटॉप चालू राहून उपयोग नाही.