हवामानबदलासाठी मोर्चे काढून खरंच काही होतं का? मला तर आता आशाच वाटत नाही.

होतं, फक्त वेळ लागतो. मी सांगलीची, म्हणून जिल्ह्यातलंच सांगते. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि चळवळीतले कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर यांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. तालुका कायम दुष्काळी, कृष्णा लांब आणि खालच्या अंगाला. तरी मागणी प्रत्येक कुटुंबाला समान पाण्याची! माणसं वर्षानुवर्षं जमत राहिली, उन्हात बसत राहिली. आज कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी आटपाडीच्या शिवारात येतं. याहून मोठी आशा मला तरी माहीत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. दीड महिन्यातच, २० सप्टेंबरला, जगभर शाळकरी पोरं हवामानासाठी रस्त्यावर उतरली. वर्षभर आधी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला, ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी हवामानासाठी एकटीच फलक घेऊन बसली होती, हे विसरू नका.

तुम्ही एकदा मोर्चात जाऊन उभे राहाच. घरात बातम्या बघून जीव नुसता घाबराघुबरा होतो. तिथे शेजारी चिखलात संसार धुतलेली बाई उभी असते, तिच्याशी बोला. आणि मागणी ठोस ठेवा: पूररेषेतली बांधकामं थांबवा, धरणातून पाणी सोडण्याआधी गावांना वेळेत कळवा.